एकोणिसावं पान पहिलं कर

पत्र असं आलंय: "ताई, मी वेब डिझायनर आहे, तालुक्याच्या गावात राहून फ्रीलान्स कामं करते. गेल्या वर्षी आमच्या गावातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाईट नव्याने करून दिली आणि त्यावर इंग्रजीत २६ पानांची केस स्टडी, म्हणजे काम कसं केलं त्याची हकीकत, लिहिली. डिझायनर लोकांच्या दोन ग्रुपवर टाकली तर चार अंगठे आले, एकाने 'नाईस वर्क' म्हटलं, बस्स. पुढच्या महिन्यात शहरातल्या मीटअपमध्ये दहा मिनिटं बोलायला मिळणार आहे. त्याआधी तुम्ही एकदा वाचून सांगाल का, काय पॉलिश करू? ट्रॅफिक तिप्पट झालंय, बाउन्स रेट ७१ वरून ३४ वर आलाय, लाइटहाऊसचा स्कोअर ९८ आहे, तरी कुणाला काही वाटतच नाहीये. जे असेल ते खरं सांगा."

अगं, दोनदा वाचली मी तुझी केस स्टडी, एकदा बसमध्ये मोबाईलवर आणि एकदा रात्री वही घेऊन लॅपटॉपवर, आणि खरं सांगा म्हणालीस म्हणून सरळच सांगते, काम फार चांगलं केलंयस आणि लिहिताना नेमकं तेच झाकून ठेवलंयस. पहिल्या सात पानांत तुझी ओळख आहे, डिझाईन प्रोसेसची पाच वर्तुळं आहेत, दोन पर्सोना म्हणजे कल्पनेतले वापरकर्ते आहेत, रंगांच्या पट्ट्या आहेत, मग वायरफ्रेम, म्हणजे पानांचे कच्चे आराखडे, सुरू होतात. यातलं कुठलंही पान उचलून जेवण मागवायच्या ॲपच्या केस स्टडीत चिकटवलं तरी कुणाला कळणार नाही. तुझं वाचनालय त्यात मला दिसलंच नाही. आणि मग १९व्या पानावर अगदी खाली बारीक अक्षरात चार ओळी, की पुस्तकांची यादी जुन्या फॉन्टमध्ये होती, मोबाईलवर वाचता येत नव्हती, ती युनिकोडमध्ये (प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या, सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत) आणली, बऱ्याच चुका ग्रंथपाल बाईंबरोबर बसून हाताने दुरुस्त केल्या. चार ओळी! त्या वाचून मी उठून बसले.

तुला कदाचित वाटत असेल की ते हमालीचं काम, डिझाईन म्हणजे होमपेज. पण विचार कर, महाराष्ट्रात शासनमान्य वाचनालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी, अ ब क ड वर्गातली, आणि त्यांतल्या कितीतरी ठिकाणी कॉम्प्युटर आला तेव्हा युनिकोडची सवय कुणालाच नव्हती, डीटीपीवाल्यांकडचे फॉन्ट होते, त्यातच वर्षानुवर्षं याद्या टाईप झाल्या. फक्त वाचनालयंच कशाला, पतसंस्था, शाळा, नगरपालिका, छोटी साप्ताहिकं, सगळ्यांच्या कपाटात हाच गुंता पडलाय. म्हणजे तू सोडवलेला प्रश्न हजारो जणांना आहे आणि तो कसा सोडवायचा हे मराठीत, अनुभवातून, नीट सांगणारं फार कमी आहे. होमपेजवर गोल कोपऱ्याची कार्डं लावणारे डिझायनर त्या मीटअपच्या हॉलमध्येच ढिगाने असतील.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की एकोणिसावं पान पहिलं कर आणि बाकीचं त्याच्या मागून येऊ दे.

आता कसं लिहायचं. सुरुवात त्या एका माणसापासून कर ज्याला काही हवं होतं आणि मिळत नव्हतं. तुझ्याच टिपणांत आहे बघ, अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करणारा मुलगा, घरून फोनवर वाचनालयाची साईट उघडतो, पुस्तकाची यादी दाबतो आणि समोर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं असला चिखल येतो, मग तो बाईंना फोन करतो, बाई देवघेवीच्या काउंटरवरून उठून कपाटापर्यंत जातात आणि परत येऊन 'बाहेर गेलंय' म्हणून सांगतात. एवढी गोष्ट आठ ओळींत लिही, शेजारी त्या चिखलाचा स्क्रीनशॉट लाव. तुझ्याकडे जुन्या साईटचा फोटो नसेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकून बघ, जुनी पानं कदाचित सापडतील, आणि तुझ्या फोनवर तो फॉन्ट नाही म्हणून ती अगदी तशीच फुटकी दिसतील, जशी त्या मुलाला दिसायची. तुझ्या प्रचारासाठी हा एक फोटो पुरेसा आहे, ते तीन मोबाईल तिरके करून गुलाबी पार्श्वभूमीवर ठेवलेलं चित्र काढून टाक.

मग हे का होतं ते समजाव. इथे घाई करू नकोस, कारण भरपूर डिझायनरांना हे माहीतच नसतं. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर फक्त डोळ्यांना मराठी असतं, फाईलमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी कपडे घालतो, फॉन्ट काढला की कपडे गेले. गूगलला तो मजकूर मराठी आहे हे कळत नाही त्यामुळे सर्चमध्ये येत नाही, अंध वाचकांचा स्क्रीन रीडर तो काहीतरी भलतंच वाचतो. आणि बदलताना नुसतं एका अक्षरामागे एक अक्षर ठेवून भागत नाही, कारण जुन्या फॉन्टमध्ये दिसतं त्या क्रमाने टाईप करायचे, पहिली वेलांटी आधी आणि व्यंजन मागून, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, म्हणजे 'पि' मध्ये प आधी, 'कर्म' मधला र हा म च्या आधी. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारा कन्व्हर्टर इथेच अडखळतो आणि जोडाक्षरांत तर हमखास. तुझ्या यादीतल्या चुकलेल्या दहा-बारा नावांचा एक छोटा तक्ता टाक, आधी काय होतं, कन्व्हर्टरने काय केलं, शेवटी काय बरोबर ठरलं. लोक तो तक्ता सेव्ह करून ठेवतील.

यातलीच एक गोष्ट तू फोनवर बोलताना सांगितलीस आणि केस स्टडीत लिहिलीच नाहीस, ती 'दुसऱ्या' या शब्दाची. सर्चमध्ये नीट टाईप करूनही पुस्तक सापडत नव्हतं आणि तू आणि बाई दोन दिवस डोकं धरून बसला होतात. कारण त्या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने लिहिता येतो, एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. 'ॲ' चंही तसंच, कुठे एकच अक्षर तर कुठे अ वर चंद्र ठेवलेला. तू शेवटी सर्चसाठी वेगळा कॉलम केलास, त्यात हे सगळे प्रकार एकाच रूपात आणलेस आणि ऱ्हस्व-दीर्घही सपाट केलंस, म्हणजे 'स्मृती' आणि 'स्मृति' दोन्ही लिहून पुस्तक मिळतं. अगं हा खरा डिझाईनचा निर्णय आहे! शुद्धलेखन येत नाही म्हणून वाचकाला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, असं तू ठरवलंस. त्यात काय गमावलं तेही लिही, म्हणजे 'दिन' शोधलं की 'दीन' पण येतं, आणि ते तू का चालवून घेतलंस. निर्णय, त्याची किंमत, आणि ती किंमत का मोजली, एवढं ज्या परिच्छेदात आहे तो ठेव, बाकीच्यांना कात्री लाव.

आता आकड्यांकडे येते, आणि इथे मला तुझी थोडी काळजी वाटते कारण मीटअपमध्ये कुणीतरी हात वर करून विचारणारच.

ट्रॅफिक तिप्पट झालं म्हणतेस, तर तळटीपेत दिसतंय की आधीचा महिना जून आणि नंतरचा नोव्हेंबर. नोव्हेंबर म्हणजे दिवाळी अंक योजनेचे दिवस ना गं, वेगळी वर्गणी भरून लोक अंकांसाठी रांग लावतात, कुठला अंक आला, कुठला बाहेर आहे हे बघायला साईटवर येतात, जुनी साईट असती तरी त्या महिन्यात आकडा फुगला असता. तुझ्या साईटमुळे किती आणि दिवाळीमुळे किती हे यातून कळत नाही. एक तर आदल्या वर्षीचा नोव्हेंबर शोधून त्याच्याशी लाव, नाहीतर हा आकडा सोड. आणि नुसता तिप्पट म्हणू नकोस, खरी संख्या लिही, लहान असली तरी लिही. गावच्या वाचनालयाला महिन्याला काहीशे माणसं येणं ही लाजायची गोष्ट नाहीये.

बाउन्स रेट, म्हणजे येऊन लगेच निघून गेलेल्यांची टक्केवारी, तर काढूनच टाक. आधीचा ७१ हा २०२२ चा, म्हणजे साईटवरची ये-जा मोजणाऱ्या जुन्या गूगल ॲनालिटिक्सचा, ते १ जुलै २०२३ पासून डेटा घ्यायचंच थांबलं, आणि ३४ त्याच्या नव्या आवृत्तीचा, जीए-फोरचा. दोघांची बाउन्सची व्याख्याच वेगळी आहे. जुन्यात माणूस एक पान बघून गेला की सहसा बाउन्स, मग त्याने ते पान पाच मिनिटं वाचलं का असेना. नव्यात तो दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबला तरी बाउन्स धरत नाहीत. वाचनालयाच्या साईटवर अर्धे लोक आज किती वाजेपर्यंत उघडं आहे एवढंच बघायला येतात, पंधरा सेकंदांत वेळ बघून निघून जातात, ते जुन्यात बाउन्स होते आणि नव्यात नाहीत. म्हणजे तू साईटला हातही लावला नसतास तरी आकडा उतरलाच असता. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला माहितीय, पण हॉलमध्ये जाणकार माणूस बसला असेल तर तो या एका आकड्यावरून तुझ्या सगळ्या कामावर शंका घेईल, आणि ते काम शंका घेण्यासारखं अजिबात नाही.

लाइटहाऊसचा, म्हणजे साईटचा वेग वगैरे तपासणाऱ्या गूगलच्या साधनाचा, ९८ ठेवायचा तर कसा काढला ते सांग. स्क्रीनशॉटवरून तो डेस्कटॉपचा वाटतोय, तुझे वाचक मात्र फोनवाले. मोबाईल मोडमध्ये पाच वेळा चालव, दर वेळी थोडा वेगळा येतो, मधला घे. शिवाय ती प्रयोगशाळेतली चाचणी आहे, खऱ्या माणसांचा डेटा गूगलच्या पेजस्पीड या तपासणी-पानावर वर वेगळा दिसतो पण तो पुरेशी गर्दी असलेल्या साईटलाच मिळतो, तुझ्या साईटला बहुधा मिळणार नाही. मग बाईंच्या स्वतःच्या साध्या अँड्रॉइड फोनवर, वाचनालयाच्या पायरीवर उभं राहून, मोबाईल डेटावर पान किती सेकंदांत दिसतं ते मोज. पानावरचा सगळ्यात मोठा मजकूर किंवा चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसलं तर गूगल चांगलं मानतं. तुझा तीन आला तर तीन लिही आणि का ते लिही (माझा अंदाज, देवनागरी फॉन्टच्या चार जाडीच्या फाईली एकदम उतरतायत, दोन ठेव).

आणि एक मोजमाप तुझ्या हातात आहे ते तू मोजलंच नाहीस. बाई म्हणाल्या ना की 'हे पुस्तक आहे का' विचारणारे फोन कमी झाले? तर त्यांना काउंटरवर एक वही ठेवायला सांग, दोन आठवडे, फोन आला की एक रेघ. आधीचा आकडा नाही तर नाही, स्पष्ट लिही की आधी मोजलं नव्हतं, बाईंच्या आठवणीप्रमाणे इतके यायचे, आता वहीत इतके आहेत. यावर कुणी हसणार नाही. उलट ती रेघांची वही फोटो काढून लावलीस तर मी म्हणेन तुझ्या सगळ्या ग्राफपेक्षा ती जास्त बोलेल.

चाचणीबद्दल पटकन सांगते. तू कोर्सच्या चार मैत्रिणींवर साईट तपासलीस. त्यांना साईट वापरता येणारच, त्या डिझायनर आहेत. वेबसाईट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचा अभ्यासक जेकब नील्सन याने २००० साली मांडलं होतं की पाच जणांवर तपासलं तरी वापरातल्या बहुतेक अडचणी दिसून येतात, पण ते पाच जण खरे वापरणारे हवेत. एक पेन्शनर सभासद, अभ्यासिकेतला तो मुलगा, बालविभागात मुलाला घेऊन येणारी आई, एखादी शिक्षिका, आणि असा एकजण जो पुस्तकाचं नाव रोमन अक्षरांत टाईप करतो, कारण तसे खूप जण करतात आणि तुझ्या सर्चमध्ये ते चालतं की नाही हे मला केस स्टडीतून कळलं नाही. मीटअपला महिना आहे, दोन संध्याकाळी होईल हे. जे अडलं ते लिही, दुरुस्त केलं नसेल तरी लिही.

आता एक गोष्ट माझ्या आयुष्यातली, कारण चौथ्या पानावर तू जुन्या साईटचा स्क्रीनशॉट लावून त्यावर लाल फुल्या मारल्यायत. मीही हे केलं होतं. एका संस्थेची साईट नव्याने करून मी तिच्यावर बोलायला उभी राहिले, जुन्या साईटवर बाण काढले, हे बघा किती वाईट, लोकही हसले. कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ भेटले, म्हणाले ती साईट मी केली होती, ऑफिस सुटल्यावर रात्री बसून, एक पैसा न घेता, तेव्हा दुसरं कुणी करणारच नव्हतं. रागावले नव्हते ते, मला तेच जास्त लागलं. तुझ्याकडची जुनी साईट बाईंच्या पुतण्याने फुकट करून दिली होती असं तूच २२व्या पानावर लिहिलंयस. त्याच्यामुळेच तर ती यादी टाईप झाली, नाहीतर आज तुला हजारो पुस्तकं दाखलवहीतून उतरवून घ्यावी लागली असती. फुल्या काढ आणि त्याचं ऋण एका वाक्यात मान, त्याला विचारून.

विचारण्यावरून आठवलं, अ‍ॅडमिनच्या स्क्रीनशॉटमध्ये सभासदांची नावं, मोबाईल नंबर आणि कुणाकडे कुठलं पुस्तक आहे हे सगळं दिसतंय. तू धूसर केलंयस पण दोन ठिकाणी नंबर वाचता येतो. धूसर करण्याच्या भानगडीत पडूच नकोस, खोटी नावं भरून नवा स्क्रीनशॉट घे. माणूस काय वाचतो ही त्याची खाजगी गोष्ट आहे, वाचनालयाने तुझ्यावर विश्वास टाकून तो डेटा उघडा केला होता. ग्रुपवर टाकलेली जुनी फाईल आजच काढून टाक, हे पत्र पूर्ण वाचायच्या आधी काढलीस तरी चालेल. आणि कार्यकारिणीची लेखी परवानगी घे, सचिवांची दोन ओळींची ईमेल पुरते.

दिसण्याच्या बाबतीत फार सांगण्यासारखं नाही, तुझी नजर चांगली आहे. फक्त मराठी शीर्षकांना तू अक्षरांमधली जागा वाढवलीयस त्यामुळे शिरोरेषा तुटतेय, अक्षरं सुटी सुटी लोंबतायत, ते आधी नीट कर, मराठी साईटच्या केस स्टडीत तुटकी शिरोरेषा शोभत नाही. ओळींमध्ये थोडी जास्त जागा दे, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतोय. क्रीम रंगावरचा तो करडा मजकूर मी मोजला, साडेचारास एक इतका कॉन्ट्रास्ट (मजकूर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक) लागतो तेवढा भरत नाही, पेन्शनर सभासदांचा विचार करून गडद कर. आणि साईटच्या पानाची भाषा कोडमध्ये हिंदी लिहिलीय, टेम्प्लेटमधून आली असेल, ती मराठी कर, काही फॉन्टमध्ये त्यानेच ल आणि श मराठी वळणाचे येतात आणि स्क्रीन रीडरलाही भाषा बरोबर कळते.

राहिला प्रसार. तू एकच २६ पानी इंग्रजी फाईल सगळीकडे टाकतेस, डिझायनर असो की कोणी असो. नोकरीसाठी पोर्टफोलिओत इंग्रजी ठेव, हरकत नाही, ती दहा पानांवर आण. पण ज्यांना हे काम खरंच हवंय ते ग्रंथपाल, वाचनालयांचे सचिव, संस्थेचे क्लार्क, ते इंग्रजी २६ पानं उघडणार नाहीत. त्यांच्यासाठी मराठीत दोन पानं लिही, 'तुमची पुस्तकयादी जुन्या फॉन्टमध्ये आहे का' असं सरळ नाव दे, यादी कशी ओळखायची, बदलायला किती संध्याकाळी लागतात, कुठे चुका होतात, पैसे किती लागले, एवढंच. ती बाईंच्या हातून ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ दे, तू टाकलीस तर जाहिरात वाटेल, बाईंनी टाकली तर लोक फोन करतील. जिल्हा ग्रंथालय संघाचं अधिवेशन जवळ असेल तर बाईंनाच पाच मिनिटं बोलू दे, तू शेजारी उभी राहा. तो तक्ता आणि अक्षरं एका रूपात आणायचा तुझा कोड लोकांना फुकट दे, आत वाचनालयाचा डेटा राहिलेला नाही हे तपासून.

मीटअपच्या दहा मिनिटांत साईटची सैर घडवू नकोस. फुटक्या यादीचा फोटो, मग 'दुसऱ्या' ची गोष्ट, मग तो सर्च पडद्यावर लाइव्ह चालवून दाखव, चुकीचं ऱ्हस्व टाकून, आणि पुस्तक येऊ दे समोर. होमपेज दाखवायला वेळ उरला तर दाखव.

या शनिवारी बाईंकडे जा, वही देऊन ये, आणि त्यांना विचार की यादी दुरुस्त करताना त्यांना स्वतःला कुठलं नाव सापडल्याचा आनंद झाला होता. माझी खात्री आहे एखादं तरी असणार. ते मिळालं की पहिलं पान लिहून मला पाठव, फक्त पहिलं.